भिंतीवरचं घड्याळ

आमच्या संस्थेत तिला सगळे जोडताई म्हणायचे. घरात अडकून पडलेल्या अपंग माणसांची त्यांच्याच गल्लीशी पुन्हा ओळख करून द्यायची, हे तिचं काम. एका माणसामागे सहा महिने, मग फाइल बंद. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर बसून मनातून जळायचे.

तिच्याकडे एक घड्याळवाले काका होते. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्यांचं एक वाक्य पुरं होईस्तोवर चहा गार व्हायचा. ताई त्यांना दर मंगळवारी बाहेर न्यायची. काकांनी तोंड उघडलं की पुढचं वाक्य हिचं. लोकांचा खोळंबा नको, एवढाच तिचा चांगुलपणा. न्हाव्याकडे काका दर वेळी भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बोट दाखवून "घ... घ..." करत. ताई म्हणायची, "काकांना उशीर होतोय, जरा लवकर आवरा."

सहा महिन्यांनी तिनं फाइलवर लिहिलं, 'गल्लीत सगळे ओळखतात.' आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे दोन महिन्यांनी आम्ही दोघी कामासाठी त्याच गल्लीत गेलो. न्हावी खुशीत म्हणाला, "या ताई, होतात कुठे?"

"काका येतात ना?"

"एकदाच आले. भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होते. गिऱ्हाईक खोळंबलेलं. म्हटलं, ताईंना घेऊन या."

तडक काकांची खोली गाठली. दाढी वाढलेली. टेबलावर बारीक पेचकस, चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं डाव्या हाताशी मांडलेलं. काका बोलू लागले. ताईचे ओठ हलले, तसा मी तिचा हात दाबला. मला तिचा राग आला होता, आणि आमच्या टाळ्यांची लाजही वाटत होती.

"न्हाव्याचं... घड्याळ... मी... करून देतो... म्हणत होतो."

ताई उठली आणि न्हाव्याकडे गेली, मी तिच्या मागोमाग. भिंतीवर नवं घड्याळ चालू होतं. मघाशीही असणार, आमच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"जुनं कुठंय?"

"गेल्या आठवड्यात भंगारात दिलं," न्हावी म्हणाला. "दुरुस्त करणारं आता कुणी मिळतं का, ताई?"