तो ढीग तुमच्यासाठी नाही

साडी घ्यायला जाताना आई नटायची, तिथंच माझं डोकं फिरायचं. ट्रंकेतली एकुलती एक चांगली साडी, जांभळी, काठाची, बाहेर निघायची. आणि जायचं कुठं, तर सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या रस्त्यावर किलोनं साड्या विकणाऱ्या दुकानात! मिलमध्ये रंग फिसकटलेल्या, डाग पडलेल्या साड्यांचा तिथं दारातच हा एवढा ढीग असायचा.

त्या वर्षी मामाचं लग्न होतं. धुळ्याकडच्या आमच्या गावाला वाटायचं, सुरतवाले साड्यांच्या राशीवर लोळतात. त्यामुळे नव्या मामीला साडी न्यायलाच हवी होती. आईला स्वतःलाही एक हवी होती, कारण प्रत्येक लग्नाच्या फोटोत ती जांभळीतच. ढिगातून दोन्ही सहज निघाल्या असत्या.

ढिगाशी एक बंगलेवाल्या बाई फतकल मारून बसल्या होत्या. विटकी साडी, झिजलेली चप्पल, आणि बाहेर ड्रायव्हरसकट मारुती. निऱ्यांत लपेल असा डाग बघून त्या साड्या बाजूला काढत होत्या, वर शेठशी भावावरून हुज्जत घालत होत्या. त्यांना कसली आलीय लाज! आई पदर सावरून वाकणार, तोच शेठ म्हणाला, “बेन, ए ढगलो तमारा माटे नथी. तमे अंदर आवो.”

ढीग तुमच्यासाठी नाही! आई अशी काही फुलली की विचारू नका. आत गादीवर बसली, चार घड्या मोडायला लावल्या आणि ढिगातल्या दोन साड्यांच्या पैशांत एक घेतली. मी कोपरानं ढोसत होते, तर मलाच चिमटा काढला.

लग्नात मामीची साडी सगळ्यांनी हाताळून पाहिली. आई जांभळीतच. पण शेठनं आपल्याला आत कसं बोलावलं, हे ती ज्याला त्याला सांगत सुटली होती. मला तर ऐकवेना.

पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच दुकान, पुन्हा ट्रंकेतून जांभळी. मी वैतागून म्हटलं, “अगं, घरातली नेसून चल ना! त्या बाईंसारखी ढिगाशी बस. दोन येतील.”

निऱ्या घालता घालता ती थांबली. म्हणाली, “घरनी नेसीसन जाऊ? आन् त्यानी माले ढीग दखाडा ते?”

त्यानं ढीगच दाखवला तर! माझा राग काही गेला नव्हता. पण मी खाली बसले आणि तिच्या निऱ्या धरल्या.