मधली खुर्ची

गाडी डोळ्यांनी ओळखणारे नागपुरात लाखो असतील, पण कानांनी ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या घरात राहतो. ते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून लग्न झाल्यापासून मीही मामाजीच म्हणत आले. महाल भागात त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी जागा. तिसरी आली की पहिलीला गल्लीत काढावं लागे. गिऱ्हाईक गल्लीच्या वळणावर असतानाच मामाजी आतून सांगायचे, "क्लच प्लेट गेली याची." तो आत येऊन "मामा, गाडी ओढून नाही राहिली" म्हणेपर्यंत यांच्या हातात पाना असे. एका साहेबांना हे अपमानास्पद वाटलं. गाडी न बघताच रोग सांगता म्हणजे काय, म्हणून ते दुसरीकडे गेले आणि चौथ्या दिवशी गाडी ढकलत परत आले. मामाजींनी त्यांना एक शब्द ऐकवला नाही. आधी पाणी विचारलं, मग क्लच प्लेट बदलून दिली.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर दुकान बंद झालं आणि ते कान पूर्णवेळ घरी आले. मी नोकरी करणारी बाई. सकाळी माझी घाई असते. त्यात बैठकीतून आवाज यायचा, "सुनबाई, कुकरची रिंग बदल. शिट्टी फाटून राहिली." मी दुर्लक्ष केलं आणि आठ दिवसांत वरणाचं पाणी ओट्यावर आलं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग जाणार हेही त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलं होतं. शेजारी आधी हसले, नंतर दोन दिवस आमच्याकडून पाणी भरत होते. एकदा मी त्यांना घेऊन कळमन्याच्या बाजारात गेले. तिथे टरबुजांच्या ढिगासमोर उभं राहून ते एकेक टरबूज कानाशी धरून टिचकी मारायचे आणि खाली ठेवायचे. विकणारा अखेर वैतागला. "काका, तुमाले टरबूज पायजे का तबला?" तरी मामाजी शांतपणे वाजवत राहिले. शेवटी त्यांनी जे घेतलं, तसं गोड टरबूज मी पुन्हा खाल्लेलं नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले, ती मला कॉलेजातल्या सगळ्या शिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडली. एका सकाळी माझी स्कूटर सुरू होईना. बाजूलाच ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्याच बनावटीची स्कूटर उभी होती. मामाजींनी माझ्या गाडीचा प्लग ह्यांच्या गाडीत घातला, ह्यांचा माझ्या गाडीत. ह्यांची गाडी एका किकमध्ये चालू झाली, माझी तशीच ठप्प. "पाय," मामाजी म्हणाले, "खोट सामानासंगं हलली तर सामान खराब. जागेवरच राहिली तर सामानाले शिव्या देऊ नोको. इंजिन पाय." ऑफिसात प्रिंटर रुसला की मी आजही आधी केबलची अदलाबदल करते. त्यामुळे ऑफिसातल्या तरुण मंडळींत मी थोडी तंत्रज्ञ समजली जाते.

मामाजींचं आयुष्यात एकच स्वप्न राहून गेलं होतं, आणि ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आता ते आमचंही झालंय. तरुणपणी एका डॉक्टरांनी त्यांना स्कूटर बघायला घरी बोलावलं. काम झाल्यावर डॉक्टर त्यांना दिवाणखान्यात घेऊन गेले. तिथे रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याला दोन बाजूंना दोन डबे. ग्रीसने माखलेल्या पँटीमुळे मामाजी बसायला तयार नव्हते, तर डॉक्टरांनी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यांना दोन डब्यांच्या बरोबर मध्ये बसवलं आणि रेकॉर्ड लावली. "सनई या कानात, व्हायोलिन त्या कानात, आन मधात मी!" हे सांगताना मामाजी दोन्ही हात पसरतात आणि दर वेळी जवळची एखादी वस्तू पडते. त्यानंतर आमच्या घरात रेडिओ आला, टेपरेकॉर्डर आला, टीव्ही आला, पण आवाज यायचा तो एकाच डब्यातून. मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यावर तिने आजोबांना वाढदिवसाला ब्लूटूथ स्पीकर पाठवला. मामाजींनी तो पूर्ण तासभर ऐकला. म्हणाले, "चांगला हाये पोरगा. पण एकटा हाये." पुढच्या महिन्यात मुलीने त्याच्याच जोडीचा दुसरा पाठवला.

दोघांची जोडी जुळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मुलीने फोनवर सगळं सांगितलं होतं: दोन्ही चालू करायचे, दोन्हींची बटणं दाबून धरायची, फोनमध्ये एकाला डावा म्हणायचं आणि दुसऱ्याला उजवा. दहा मिनिटांचं काम. आम्हाला दोन दिवस लागले. कारण मी ऑफिसातून येईपर्यंत मामाजींनी नव्या स्पीकरची पूजा उरकली होती. दुकानात नव्या गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावायची त्यांची सवय. या डब्याला दिवा नाही, म्हणून समोर दिसलं ते गोल बटण त्यांनी दिवा मानलं आणि त्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. बटण आत गेलं ते आतच राहिलं. खाली लिंबूही ठेवलेलं होतं, त्यामुळे स्पीकर तिरका उभा होता आणि आतली इंग्रजी बाई जोडी शोधत असल्याचं दर मिनिटाला जाहीर करत होती. "कवापासून एकच बोलून राहिली ही," मामाजी काळजीने म्हणाले, "इले कोनी भेटून नाही राहिलं वाटते."

मी कापसाच्या काडीने आणि स्पिरिटने कुंकू काढलं. तेवढ्यात पहिला स्पीकर ह्यांच्या फोनला जाऊन चिकटला. हे गच्चीवर फोनवर बोलत होते आणि ह्यांच्या साहेबांचा आवाज आमच्या बैठकीत घुमला, "ती फाइल कुठे आहे?" मामाजींनी हात जोडून स्पीकरला सांगितलं, "साहेब, थो वर गेला हाये."

दुसऱ्या दिवशी जोडी जुळली. मामाजींनी टेप घेऊन दोन्ही स्पीकरमधलं अंतर मोजलं, मग सुतळी लावून दोन्हींपासून सारख्या अंतरावर खुर्ची मांडली. खुर्चीवर वर्तमानपत्रही पसरलं. पँट स्वच्छ होती, तरी. मुलीने सनई आणि व्हायोलिनची जुगलबंदी शोधून पाठवली होती, ती मी लावली. डावीकडून सनई, उजवीकडून व्हायोलिन. मामाजींनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने डोळे न उघडता म्हणाले, "डावा ढिला हाये."

मला तर दोन्ही सारखेच वाटत होते. मी फोनमध्ये बघितलं, आवाज सारखाच. चार्जिंगही सारखं. "मामाजी, नवा आहे तो."

"नवा असो का जुना. सनई दबून राहिली. दुकानदारानं खराब पीस देला. अदलाबदल कर."

मी दोन्ही उचलले आणि डाव्याच्या जागी उजवा ठेवला, उजव्याच्या जागी डावा. आता सनई उजवीकडून येत होती आणि चांगली खणखणीत होती. मामाजींच्या कपाळावर आठी आली. "आता व्हायोलिन दबली," ते म्हणाले.

म्हणजे पुन्हा डावीकडचाच.

त्यांनी डोळे उघडले. एकदा या डब्याकडे बघितलं, एकदा त्या, मग माझ्याकडे. प्लगचा नियम मी त्यांच्याकडूनच शिकले होते. खोट जागेवरच राहिली होती. मामाजींनी उजव्या कानावर तळहात घट्ट दाबला आणि तसेच बसून राहिले. जुगलबंदी संपली, हे त्यांना तळहात काढल्यावरच कळलं.

"सामान ठीक हाये," ते म्हणाले. "दुकानदाराले काही बोलू नोको."

मला अशा वेळी गळ्यात पडणं जमत नाही. मी कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाची नस वयाने आणि इंजिनांच्या आवाजाने थकली आहे. मामाजींनी एवढंच विचारलं, "नवी बसते का?" बसत नाही म्हटल्यावर त्यांनी यंत्र घ्यायला होकार दिला, आठ दिवस इमानाने वापरलं, आणि "टिनाच्या डब्यात बसून ऐकल्यावानी वाटते" म्हणून काढून ठेवलं. आता ते जुन्या प्लगांच्या डब्यात असतं आणि लग्नकार्याला तेवढं बाहेर निघतं, लोकांचं समाधान व्हावं म्हणून. उजव्या कानाची मात्र मामाजी इतकी काळजी घेतात की चौकात हॉर्न वाजला की पिशवी खाली ठेवून कानात बोट घालतात.

स्पीकर आता खोक्यात जाणार, हे मी गृहीत धरलं होतं. मुलीला तसं सांगूनही टाकलं. मग एका रविवारी दुपारी बैठकीत जुगलबंदी ऐकू आली. जाऊन बघते तर मामाजी मधल्या खुर्चीवर, पण दोन्ही स्पीकरकडे पाठ करून बसलेले.

"काहून उलटे बसले, मामाजी?"

"आधी तोंड करून सनई ऐकली," ते म्हणाले. "आता पाठ करून व्हायोलिन ऐकून राहिलो. दोन फेऱ्या माराव्या लागते. मंग डोक्यात जोडतो. ब्लूटूथ थेच करते ना?"

मी व्यवहारी सल्ला दिला, "त्यापेक्षा दोन्ही स्पीकर उजव्या बाजूलाच ठेवते. एका फेरीत होईल."

पेट्रोलच्या टाकीत घासलेट टाकणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग मधात कोन राहीन?"

तेव्हापासून दर रविवारी असं चालतं. एक फेरी तोंड करून, एक पाठ करून. मी मधून झाडू मारते, फोन घेते, त्यांना चालतं. मागच्या रविवारी मात्र दुसरी फेरी संपल्यावर ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "सुनबाई, तू बस बरं इथं."

मला गाण्यातलं काही कळत नाही. सनई ऐकली की मला पंगती आठवतात. शिवाय गॅसवर कुकर होता. पण त्यांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र बदललं होतं, म्हणून बसले.

"कसं ऐकू येते?"

"सनई इकडून. व्हायोलिन तिकडून."

"आन मधात?"

"मधात मी," मी म्हटलं.

खोलून पुन्हा जोडलेलं इंजिन पहिल्या किकला सुरू झालं की मामाजी जशी मान हलवायचे, तशी त्यांनी हलवली. स्वयंपाकघरातून शिट्टी झाली. मी उठायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"बस. दोनच झाल्या. तिसरीले मी बंद करतो."

आणि गुडघ्यांवर हात ठेवत ते आत गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. गॅसच्या बटणावर हात ठेवून, उजवा कान कुकरकडे करून मामाजी उभे होते. मी जागची हलले नाही.