दोन मिनिटं समोरासमोर

देवचार, मूठ, करणी... आमच्याकडे कुणाची म्हैस आटली तरी त्यात कुणाचा तरी हात असतो. मी असल्या गोष्टींची यथेच्छ टिंगल करायचो. सायकॉलॉजीत एम.ए. केलेला माणूस, नाक जरा वरच! त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितो.

२००५ साल. मी कणकवलीजवळच्या नांदगावचा. पुण्याच्या एक मॅडम 'माणसं एकमेकांना कशी पाहतात' यावर संशोधन करत होत्या आणि मी त्यांचा असिस्टंट. मिठबाव या किनाऱ्यावरच्या गावात एका शाळेच्या पडवीत आम्ही टेबल टाकलं होतं. ओळखीची, पण अबोला असलेली दोन माणसं समोरासमोर बसवायची. दोन मिनिटं गप्प एकमेकांकडे बघायला सांगायचं. मग एकेकाला आत नेऊन विचारायचं — काय दिसलं?

सदू आणि बाबल हे चुलत भाऊ, पन्नाशीतले, दोघेही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे. माडांच्या बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद. सदूकाका आत येऊन म्हणाले, "काय दिसतला? थोबाड दिसला." बाबलकाका आले ते घामाघूम होऊन.

"झिला, सदूच्या डाव्या कानामागसून रगात येता. पुसूक सांग तेका."

मी बाहेर जाऊन बघितलं. सदूकाका विडी ओढत होते, कान स्वच्छ. "काका, रक्तबिक्त काही नाही," मी परत येऊन हसत म्हणालो.

"मी बघलंय," ते स्वतःचे कोरडे हात लुंगीला पुसत म्हणाले. मी ते शब्दशः लिहून घेतलं, खाली तारीख घालून सही केली. संध्याकाळी मॅडमना वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. मोठ्ठं जाळं, त्याचे दोन दोर, दोन्हीकडे माणसं; एका दोरावर सदूकाका, दुसऱ्यावर बाबलकाका. येणाऱ्याजाणाऱ्यानं दोराला हात लावला तरी त्याला मासळीचा वाटा द्यायचा, हा रिवाज. मला तो लहानपणापासून ठाऊक. तरी जवळ होता म्हणून मी सदूकाकांच्या बाजूचा दोर धरला... अक्कल गहाण ठेवून! अख्ख्या किनाऱ्यासमोर मी एका भावाची बाजू घेतली होती.

वाळूत वाटे घातले. बांगड्यांचा एक वाटा सदूकाकांनी माझ्याकडे सरकवला.

"ह्यो कोणाचो?" बाबलकाकांनी विचारलं. तीन वर्षांतला सदूकाकांशी त्यांचा पहिला शब्द.

"सरांचो. दोराक हात लावल्यानी ना तेणी."

"बांध खाल्लंस, आता शिकलेली माणसां पण तुझ्याच बाजूक?"

सदूकाकांनी आईवरून शिवी हासडली. बाबलकाकांनी होडीतलं वल्हं उचललं. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा डाव्या मनगटावर, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. सदूकाकांनी उजव्या हातानं त्यांच्या तोंडावर वाळू मारली, लाथ घातली. मी मध्ये पडायला धावलो. मला बघून सदूकाका माझ्याकडे वळले आणि ओरडले, "पळ!" वळले नसते तर तो तिसरा फटका कपाळावर बसला असता. तो बसला डाव्या कानामागे. ते बांगड्यांवर कोसळले, तरी वल्हं आणखी दोनदा खाली आलं. चौघांनी बाबलकाकांना दाबून धरलं तेव्हा त्यांचे हात मनगटापर्यंत लाल होते.

"माका म्हायत होता रे झिला," ते मला म्हणाले. "तरी हात थांबाक नाय."

कणकवलीच्या इस्पितळात पोचायच्या आतच सदूकाका गेले.

पोलिसांनी मला विचारलं, "आधी कुणी काही बोललं होतं का?" बाबलकाकांचं बोलणं लिहून घेतलेला कागद माझ्या पिशवीत होता. तो वाचला असता तर कुणालाही वाटलं असतं की बेत आधीच ठरला होता. बाबलकाका बाजूलाच बसले होते. "तो कागद दी तेंका," ते म्हणाले. "लपव नको." मी पोलिसांना म्हणालो, ते भ्रमात बोलतायत.

मॅडम म्हणाल्या, मनातला राग त्यांना दिसला असेल. असेल. पण बाबलकाकांना राग दिसला नव्हता, जागा दिसली होती. आणि सदूकाका नेमके त्याच क्षणी वळतील हे कुणाच्या मनात होतं? मला आजही सांगता येत नाही.

शिक्षा व्हायची ती झालीच. कागद मी चुलीत घातला. बाबलकाकांना वाचवण्यासाठी, असं मी मॅडमना सांगितलं, बायकोलाही सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. त्या कागदावर खाली, मारामारीच्या आधीची तारीख घालून, माझी सही होती.