तळ्यावरच्या पाटकरीणबाई

पाटकरीणबाईंना तुमच्या बोलण्यात फारसा रस नसे. त्यांना तुमची माती हवी असे. जर्मनीत न्युरेम्बर्गबाहेरच्या भाजीपाल्याच्या पट्ट्यात नऊ शेतकऱ्यांचं मिळून एक साठवण तळं आहे, आणि त्यातलं पाणी कोणाला कधी द्यायचं हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. ज्याला पाणी हवं त्यानं आपल्या शेतातली वीतभर खालची मूठभर माती घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात यायचं. फोनवर नंबर लागत नसे. त्या माती मुठीत दाबायच्या आणि मूठ उघडायच्या. गोळा तसाच राहिला तर म्हणायच्या, "आल्झो," म्हणजे बरं तर, "गुरुवारी या." विस्कटला तर त्या माणसाचं नाव भिंतीवरच्या पाटीवर वर सरकायचं.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. माझी बायको मेघना राहुरीकडची. कालव्याचं पाणी पाळीनं सोडणारा पाटकरी तिनं लहानपणापासून पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात जिन्यातून हा प्रकार बघून ती म्हणाली, "अरे, ही तर पाटकरीण आहे! आणि आपल्याकडच्यापेक्षा कडक." नाव चिकटलं. त्यापुढचं 'बाई' मी आदरानं जोडलं. मी कचरा चुकीच्या डब्यात टाकला तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं, आदर तेव्हापासूनचा.

हवामानाच्या अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. टीव्हीवरच्या नकाशात ढग सरकताना दिसला, की म्हणायच्या, "याला आपला पत्ता माहीत नाही." तळं भरलेलं असलं तरी त्यांच्या कपाळावरची आठी जायची नाही. विहिरींतून रोज किती पाणी उपसून तळ्यात सोडायचं हे सरकारी परवान्यानं बांधून दिलेलं. त्यामुळे जून महिन्यात उधळलेलं पाणी ऑगस्टमध्ये परत मिळत नसे. "आज किती आहे ते मला सांगू नका," त्या म्हणायच्या, "ऑगस्टअखेरपर्यंत किती लागेल ते सांगा."

हे सगळं पाहून माझ्यातला सॉफ्टवेअर इंजिनिअर अस्वस्थ झाला. एवढा प्रगत देश, आणि पाणीवाटप मुठीवर! मी फुकटात ॲप करून देण्याची तयारी दाखवली. तीन बटणं: ठीक, कोरडं, फार कोरडं. बाकी हिशेब मशीन करील.

"आणि माती कोण दाबणार?" बाईंनी विचारलं.

"शेतकरी घरबसल्या स्वतःच कळवतील."

"स्वतःच," त्या म्हणाल्या आणि बटाटे सोलत राहिल्या.

सभासदांनी मत ॲपच्या बाजूनं दिलं आणि बाईंनी पाटी उतरवून ठेवली. उद्घाटनाला गावचा ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे आपला सरपंचच, आला. त्यानं टॅबलेटला बांधलेली फीत कापली आणि भविष्याबद्दल बराच वेळ बोलला. फोटो नीट यावा म्हणून तो तळ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या शेजारी, तशीच पाठ करून, मी.

जुलैमध्ये तीन आठवडे पाऊस नव्हता. माझ्या स्क्रीनवर नऊपैकी आठ शेतं लाल झाली: फार कोरडं. मी मेघनाला कौतुकानं म्हणालो, "बघ, सगळे वापरतायत."

"सगळ्यांचंच फार कोरडं?" ती म्हणाली. "सगळ्यांची जमीन एकाच दिवशी सुकते होय रे? कोबी असो, कांदा असो?"

मी तिला काहीतरी तांत्रिक उत्तर दिलं. आठ दिवसांत तळ्याचा तळ दिसायला लागला.

मी धावत खाली गेलो. बाई तळं बघून आल्या होत्या. बुटांना चिखल होता. मी म्हणालो, "लोक खोटं बोलले."

"कोणी खोटं बोललं नाही. घाबरले. माणूस घाबरला की त्याला आपलीच माती सगळ्यात कोरडी दिसते. हातात माती घेऊन माझ्या दारापर्यंत चालत येताना ती भीती थोडी उतरायची." त्यांनी बूट काढले. "तुम्ही ते चालणं वाचवलंत."

त्या संध्याकाळी सगळे शेतकरी स्वयंपाकघरात बसले. उरलेलं पाणी आणि रोजचं उपसायचं पाणी मिळून सगळ्यांना पुरणार नव्हतं. एक शेत सोडलं, तर बाकीची तरणार होती.

"सगळ्यात जास्त पाणी गड्ड्याची सेलरी पिते," बाई म्हणाल्या. "सेलरी कोणाची आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. लाल न झालेलं नववं शेत तेच. नवरा गेल्यावर बाकीची जमीन बाईंनी कसायला देऊन टाकली होती. हे एकच स्वतःकडे ठेवलेलं.

शेजारचा कांदेवाला पुटपुटला, "हे बरोबर नाही."

"गेनाऊ, अगदी खरं, बरोबर नाही. पण पुरेल." आणि जाऊन त्यांनी आपल्या शेताचा व्हॉल्व्ह स्वतः बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "ॲप काढून टाकतो."

"कशाला? मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्यानंतर या दारात कोण बसणार? दुरुस्त करा. आपल्या शेताचं बटण आपल्याला दाबता येऊ नये. शेजाऱ्यानं येऊन माती बघावी आणि त्यानं दाबावं."

तसं केलं. ॲप आजही तसंच चालतं. पुढच्या वसंतात बाई उत्तरेला मुलीकडे राहायला गेल्या. त्यांच्यामागे सगळं नीट चाललंय का, असं लोक मला विचारतात. मी 'हो' म्हणतो, पण जून सुरू झाला की माझी झोप उडते. शेजारी शेजाऱ्याची भीड न बाळगता किती दिवस खरं बटण दाबेल, हे मला कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

त्यांची आठवण आली की मला मात्र त्या ऑगस्टमधल्या बाई दिसतात. सेलरी पिवळी पडून माना टाकून बसली होती. एके दिवशी सकाळी बाई ते उभं शेत ट्रॅक्टरनं स्वतःच नांगरत होत्या. वाळूची धूळ आणि तुटलेल्या सेलरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी कुंपणाशी उभा होतो. कांदेवालाही आला आणि अंत्ययात्रेला आल्यासारखी टोपी काढून माझ्याशेजारी उभा राहिला. बाईंनी आमच्यापाशी येऊन इंजिन बंद केलं. आता रडतील, असं मला वाटलं.

"इथं काय बघत उभा आहेस?" त्या त्याच्यावर ओरडल्या. "सात वाजल्यापासून तुझा नंबर आहे. पाणी सोड!"

तो टोपी हातात धरून धावत सुटला.