इंजिनापासून चौथा डबा

माझी नणंद गाड्यांच्या चाकांची दुखणी ओळखते. शहराबाहेर रुळांना सेन्सर बसवले आहेत. गाडी त्यांवरून धावत गेली की कुठलं चाक किती जोरात आदळतं ते हिच्या पडद्यावर उमटतं. धड गोल चाक हिरवं दिसतं. ब्रेकखाली घासून एका जागी चपटं झालेलं तांबडं. तांबडं दिसलं की हिने यार्डाला फोन करायचा, मग तिथला फिटर चाक तपासतो. दिवसभर हेच. बिनखिडकीची खोली, डुगडुगणारी खुर्ची आणि गार झालेला चहा.

बाई स्वभावाने विचित्रच. शेजारीण हौसेने बाबागाडी घेऊन दारात आली, तर ही बाळाकडे न बघता म्हणाली, "मागचं चाक वाकडं आहे." माझे यजमान, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिला ठोकेबाई म्हणायचे. ते मालगाडीवर गार्ड होते, शेवटच्या डब्यात बसायचे.

"काय ठोकेबाई, आज कुणाला आजारी पाडलंस?" घरात शिरतानाच त्यांचा प्रश्न.

"तुझीच गाडी बाकी आहे, दादा."

दोघं हसायची. मीच मेली कपाळाला आठ्या घालून पोळ्या लाटत असायची.

त्या दुपारी एका मालगाडीचं चाक तांबडं दिसलं. साधं तांबडं नाही, आकडा पार वर गेलेला. हिने यार्डाला कळवलं, "इंजिनापासून चौथा डबा, उजवं चाक." त्यांच्याकडे असंच सांगायची पद्धत होती. इंजिन म्हणजे गाडीचं तोंड, मोजायचं ते तोंडापासून. पण त्या दिवशी पुढचा मार्ग बंद होता. गाडी दुसऱ्या फाट्याने न्यायची म्हणून यार्डात इंजिन काढून उलट्या टोकाला जोडलं. गाडीचं तोंड फिरलं आणि निरोप मात्र तसाच राहिला. फिटर आला, इंजिनापासून चार डबे मोजले, चाकावरून हात फिरवला. गुळगुळीत होतं. त्याने गाडी सोडली.

त्याच यार्डात यजमान गाडीवर चढले, शेवटच्या डब्यात. दुखरं चाक आता त्यांच्यापासून चौथ्या डब्याखाली होतं. फाट्यावरच्या वळणावर ते तुटलं. मागचे डबे उतारावरून खाली गेले.

चौकशी झाली. यंत्र बरोबर, निरोप बरोबर, तपासणीही बरोबर. सगळं बरोबर आणि माझा नवरा गेला. आता म्हणे डब्यावर रंगवलेला नंबरच सांगायचा, कितवा ते सांगायचं नाही. हे शहाणपण सुचायला त्यांना माझंच घर सापडलं.

माझा राग मात्र फिटरवर नव्हता, हिच्यावर होता. एवढा मोठा आकडा दिसला, आणि यार्डातून 'चाक चांगलं आहे' असं कळल्यावर ही गप्प बसली? शेजारणीला तोंडावर बोलणारी ही बाई, तिथेच कशी मूग गिळून बसली? एका घरात राहून आम्ही बोलेनाशा झालो. मी ताट वाढून ठेवायची, ती जेवून घासून ठेवायची. चूल एक आणि तोंडं दोन दिशांना.

परवा सकाळी ती कामावर निघाली होती, चपला घालत होती. मला राहवलं नाही.

"परत फोन का नाही केलास?"

ती चप्पल हातात धरून तशीच उंबऱ्यावर बसली.

"करणार होते, वहिनी. चाक चांगलं निघालं हे मला पटलंच नव्हतं. यार्डाचा नंबर लावणार, तेवढ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, ठोकेबाई, तुझा पेशंट मलाच मिळालाय बघ. मी म्हटलं, उतर तू, परत तपासायला लाव. तो हसला. म्हणाला, अगं, तुझा चौथा डबा तिकडे इंजिनाजवळ, मी पार शेपटाला. तुटलं तरी मला काय होणार? शिवाय तपासलंय."

"मग?"

"मग मला बरं वाटलं." ती चपलेकडे बघत होती. "दादा लांब आहे म्हणून बरं वाटलं गं. आणि मी फोन खाली ठेवला."

मी तिला खूप काही बोलणार होते. किती दिवस मनात घोळवलेलं, धार लावून ठेवलेलं. पण ते हसून बोलले असतील तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. इंजिनाजवळ त्यांचा ड्रायव्हरही बसलेला होता, त्यालाही घर होतं. ते त्या क्षणी ना त्यांच्या ध्यानात आलं, ना हिच्या. मी त्या खुर्चीवर असते तर माझ्याही आलं नसतं.

"मलाही बरंच वाटलं असतं," मी म्हटलं.

तिच्या गाडीची वेळ होत आली होती, म्हणून मी तिच्या हातातली चप्पल घेतली आणि तिच्या पायात घातली.