रेडिओचा प्रयोग

"आत्या, उद्या माझा प्रयोग आहे, येशील?" असं भाचीने विचारलं आणि मी ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून हजर झाले. उभा जन्म रंगमंचावर गेला माझा. प्रयोग म्हटलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. जाऊन बघते तर ना पडदा, ना प्रेक्षक. प्रयोगशाळेच्या ओट्यावर खोक्याएवढं यंत्र, शेजारी संगणक आणि हाताची घडी घालून बसलेले तिचे सर.

भाचीला घरात सगळे रेडिओ म्हणतात, कारण पाळण्यात असल्यापासून ती कधी बंद पडलेली नाही. रेणूंची रचना शोधणं हे तिचं काम. रेणू काही डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांच्यावर अवरक्त प्रकाश टाकला की आतले अणू कसकसे थरथरतात, त्याच्या रेषा उमटतात. मग ती संगणकाकडून हिशेब करून घेते: रेणू असा असता, तर रेषा कुठे आल्या असत्या? दोन्ही जुळलं की रचना सापडली.

या खेपेला घोडं एका हायड्रोजनपाशी अडलं होतं. तो नायट्रोजनवर बसलाय आणि आलेखातली मधली रेषा त्याचीच, असं रेडिओ म्हणे. सरांच्या मते तो ऑक्सिजनवर होता आणि रेषेशी त्याचा काही संबंध नव्हता. सर बरोबर ठरले, तर तिच्या प्रबंधाचं निम्मं काम पाण्यात.

म्हणून तिने त्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन, आणून बसवला. हलक्या कपड्यांत नाचणारीला भरजरी झगा चढवला, तर ताल मंदावणारच की. रेषा खरंच त्याची असेल, तर मंद तालाच्या बाजूला सरकेल. कुठवर, त्याचीही खूण तिने हिशेबाने आधीच करून ठेवली होती.

"नाही हलली तर मी गप्प बसेन, सर."

"मग नाही हललेलीच बरी," सर म्हणाले.

तिने थेंब ठेवला, बटण दाबलं. तिसऱ्या घंटेला सावरायचे तसा मी पदर सावरला. संगणकाच्या पडद्यावर आलेख सरकू लागला. रेषेची जुनी जागा रिकामी! आणि पुढे, तिच्या खुणेला जवळजवळ खेटून, नटीने नेमकं उजेडात येऊन उभं राहावं तशी रेषा उभी. मी टाळ्या वाजवल्या, अख्खं नाट्यगृह भरेल अशा.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मान डोलावली. रेडिओ मात्र तोंडावर हात धरून उभी. डोळे भरलेले, अवाक्षर नाही.

शेवटी सरच म्हणाले, "अगं, हलली ना रेषा? आता बोल की."