आपांचा डावा हात

"लागली!" असं म्हणून आपा डावा हात सरळ वर करायच्या. तलवारबाजीत वार बसला की माणूस हळहळतो, निदान तोंड तरी वाकडं करतो. आपा मात्र इतक्या खणखणीत आवाजात सांगायच्या, की नवख्या माणसाला वाटावं, वार यांनीच केलाय.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्ण्यात त्यांचं गादीचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. दाराशी गुंडाळलेल्या गाद्या, आत कापसाचा ढीग आणि ढिगाच्या अलीकडे पन्नाशी ओलांडलेल्या आपा. आमच्या क्लबात त्या आल्या ते नातीला सोडायला. अंथुर्ण्याचा एक तरुण बारामतीला कॉलेजात असताना तलवारबाजी शिकला होता. गावच्या बापूंच्या रिकाम्या खतशेडमध्ये तो रोज सकाळी मुलांना आणि मोठ्यांना शिकवायचा. त्याला आम्ही सर म्हणायचो. मी ठिबकचे पाइप विकतो, आणि मी तिथे गेलो होतो पोट कमी करायला.

दोन-चार दिवस बाकावर बसून आपांनी सगळं पाहिलं आणि मग उठल्या.

"अवो सर, पोरीला शिकवताय, मला का न्हाय?"

"आपा, वयाचं काही नाही, पण..."

"वयाचं काय न्हाय ना? मग पण कशाला मधी घालताय?"

दुसऱ्या दिवशी त्या सलवारीखाली बूट घालून हजर झाल्या. गावात हसणारे हसले. "म्हातारपणी तलवार कुणावर काढताय?" असं एकाने दुकानात येऊन विचारलं, तेव्हा आपांनी गादीतून सुई ओढत सांगितलं, "गिऱ्हाइकावर न्हाय. बाकी कुणावर बी."

क्लबाकडे मास्क आणि बिनधारेच्या तलवारी होत्या, जाकिटं मात्र पुरत नव्हती. आपांनी गादीच्या कापडात कापूस दाबून सरावापुरती जाकिटं शिवली. माझ्या छातीवर दोन मोर आले, सरांच्या पाठीवर गुलाबाची वेल. माझं माप घेताना त्या म्हणाल्या, "पाइपवाले, तुमच्या पोटावर कापूस घालत न्हाय. तितं आधीच भरलाय."

वार लागला की दिवा पेटतो ते यंत्रही आमच्याकडे नव्हतं. म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता, ज्याला लागली त्याने हात वर करून सांगायचं. आम्ही मोठी माणसं त्यात पळवाटा काढायचो.

"पाइपवाले, लागली का?"

"नुसती घासली, आपा."

"घासली म्हंजी लागलीच की. करा हात वर."

मी हात वर करायचो. मुलांना तर आपांनी त्याची इतकी सवय लावली, की वार लागला की हात आपोआप वर जायचा.

या सवयीनेच बारामतीच्या पहिल्या स्पर्धेत आमचं पार हसं झालं. बापूंची मुलगी खेळत होती. समोरच्या मुलीची तलवार तिच्या बाहीला घासून गेली. दिवा पेटला नाही, पंचांनी थांबवलं नाही, पण आमची पोरगी "लागली" म्हणत हात वर करून उभी! समोरचीने निवांत दुसरा वार केला. आता मात्र दिवा पेटला. आमची सगळी मुलं अशीच हात वर करून हरली.

परत आल्यावर बापू शेडच्या दारात उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण लोकांना लेकीवर हसताना त्यांनी पाहिलं होतं.

"आपा, हा हात वर करायचा चाळा बंद करा. दिवा पेटला तर लागली, न्हाय तर न्हाय. जमत नसंल तर शेड मोकळं करा."

जागा गेली तर क्लब संपला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मी तर मनातून बापूंच्या बाजूचा झालो होतो.

आपांनी मास्क काखेत मारला. "थांबायचं कवा ते आमचं चुकलं. पंच थांबवत न्हाय तवर पोरं थांबणार न्हाईत, ते मी शिकवीन. पण लागलेली न्हाय लागली म्हनायला मी शिकवणार न्हाय. शेड तुमचं हाय बापू, ऱ्हाऊ द्या तुमाला."

आणि त्या निघाल्या. दुकानामागे कापूस वाळवायचं त्यांचं अंगण होतं. तिथे चुन्याच्या फक्कीने खेळाचा पट्टा आखला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच सराव सुरू झाला. उन्हाने डोळे दिपायचे, रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून चिडवायचे. आपा तलवार उंचावून त्यांना सलाम ठोकायच्या. काही मुलं गळाली. बापूंची मुलगी मात्र आली. "घरी सांगितलंस का?" असं सरांनी विचारल्यावर ती म्हणाली, "सांगून आले न्हाय, भांडून आले."

पुढच्या स्पर्धेत आपा स्वतः उतरल्या. समोर त्यांच्याहून बरीच तरुण, बारामतीची बाई. दोघींचे गुण बरोबरीला आले, पुढचा वार जिच्या नावावर तीच जिंकणार. लेक खेळणार म्हणून बापूही आले होते, आमच्यापासून लांब बसले होते. दोघी एकदम धावून आल्या, तलवारी खणाणल्या, आणि पंचांनी थांबवलं. एकही दिवा पेटला नव्हता. पुन्हा जागेवर जायला पंचांनी खूण केली.

आपांचा डावा हात वर गेला. "लागली."

पंच म्हणाले, "बाई, दिवा पेटलेला नाही."

"दिव्याला काय कळतंय? दंड माझा हाय."

पंचांनी दुसऱ्या पंचांशी बोलून घेतलं आणि गुण समोरच्या बाईंना दिला. आपा हरल्या. मास्क काढून, तलवार कपाळाशी नेऊन त्यांनी सलाम केला, तो असा ताठ, की त्या बाईंनाच जिंकल्याचा संकोच वाटला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. अहो, जिंकायचं ना!

दोन दिवसांनी बापू शेडची किल्ली घेऊन अंगणात आले. आपांनी ती घेतली नाही.

"किल्ली ठिवा तुमच्यापाशीच. आमाला हितं बरं हाय. शिकायचं असंल तर मास्क घाला."

बापूंनी खरंच मास्क घातला. पहिल्या दिवशी आपांनी त्यांना असं बदडलं, की सगळ्यांचा हिशेब चुकता झाला.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. दुपारी दुकानात गादीला टाके घालता घालता. आठवडाभर आमच्यापैकी कुणाला तलवार धरवेना. मग त्यांची नात एका सकाळी अंगणात आली, फक्कीने पट्टा नव्याने आखला आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली.

परवा माझी आणि बापूंची जोडी लागली. बापूंना मापाचं जाकीट सापडेना, म्हणून त्यांनी आपांचंच घातलं होतं, लाल फुलांचं. माझी तलवार त्यांच्या बाहीला घासली. इतकी हलकी, की मलाच खात्री नव्हती. कुणी पाहिलंही नव्हतं, सर दुसरीकडे वळले होते. बापूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग फुलांच्या बाहीतला डावा हात वर गेला.

"लागली," ते म्हणाले. खणखणीत.